झुरळांच्या शाखा सर्वत्र : हसवणारं व्हिजिटिंग कार्ड कसं जमतं

प्रश्न : नाशिकमध्ये वडिलांचा पेस्ट कंट्रोलचा छोटा व्यवसाय आहे. मी नुकताच त्यात आलोय. जुन्या कार्डावर वर गणपती, खाली नाव, दोन मोबाइल नंबर आणि सगळ्या सेवांची लांबलचक यादी आहे. मला लोकांच्या लक्षात राहील असं, थोडं विनोदी कार्ड करायचंय. वडील म्हणतात, धंद्यात थट्टा नको. कार्डावर विनोद चालतो का? कसा करायचा? खर्च किती वाढतो? माझा मेहुणा वकील आहे, तोही मागे लागलाय की माझंही असंच काहीतरी हटके कर.

उत्तर :

चालतो. तुमच्या धंद्यात तर जरा जास्तच चालतो, कारण झुरळ दिसलं की माणूस एकतर किंचाळतो नाहीतर हसतो. पण वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. ते इतकी वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून काम करत आलेत. फोन करणारं गिऱ्हाईक वैतागलेलं असतं, थोडं ओशाळलेलंही असतं, हे त्यांना ठाऊक आहे. ‘थट्टा नको’ म्हणताना ‘गिऱ्हाइकाची थट्टा नको’ एवढंच त्यांना म्हणायचं असावं, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. थट्टा झुरळाची करायची.

पुण्यात डिझाइन आणि छपाईच्या धंद्यात राहून मी जी कार्डं टिकलेली पाहिली, त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती : विनोद कामातूनच उगवलेला होता. वरून चिकटवलेला नव्हता. हे तपासायला सोपं आहे. कार्डावरचं नाव आणि धंदा बोटाने झाका आणि नुसती विनोदी ओळ वाचा. ती केटररच्या किंवा टेलरच्या कार्डावरही खपत असेल तर ती तुमची नव्हे. ‘एक फोन, टेन्शन गॉन’ ही ओळ कुणाचीही असू शकते, म्हणून ती कुणाचीच लक्षात राहत नाही.

कच्चा माल शोधायला लांब जायची गरज नाही. मराठी दुकानदारीची भाषा मुळातच गमतीची आहे, आपल्या कानांना सवय झाल्यामुळे ती ऐकू येत नाही इतकंच. ‘आमची कुठेही शाखा नाही’ हे वाक्य घ्या. मिठाईवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांनी ते वापरून गुळगुळीत केलंय. तुमच्या कार्डावर ते असं छापा :

आमची कुठेही शाखा नाही.
झुरळांच्या शाखा सर्वत्र.

पहिली ओळ वाचताना माणूस आपोआप पुढे सरकतो, दुसरीला अडखळतो आणि मग हसतो. तुमचा धंदाही त्यातच सांगून झालेला असतो. ‘एक वेळ अवश्य भेट द्या’चंही तसंच. तुमच्याकडे भेट देतंय कोण? भेट द्यायला तुम्हीच जाता. ‘एक वेळ अवश्य बोलवा. झुरळं न बोलावता येतात’, असं काहीतरी.

दुसरी खाण म्हणजे नोटिशीची भाषा. वर्तमानपत्रातल्या ‘जाहीर नोटीस’ वाचत मोठे झालेल्या लोकांना या चालीची गंमत लगेच कळते :

जाहीर नोटीस. श्री. झुरळ व कुटुंबीय, रा. ओट्याखाली, यांस कळविण्यात येते की त्यांनी सदर जागेचा ताबा त्वरित सोडावा. अन्यथा आमचा माणूस येईल.

कार्डाच्या मागच्या बाजूला एवढंच, साध्या काळ्या अक्षरात. यात एक पथ्य पाळा. अक्षर सरळ, गंभीर, सरकारी वळणाचं ठेवा. कार्टून फॉन्ट, तीन-तीन उद्गारचिन्हं, हसरे चेहरे यांपैकी काहीही नको. विनोद सांगणाऱ्याने स्वतःच आधी हसायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याचं हसू मावळतं, आणि छापील मजकुराला हा नियम जास्तच लागू होतो.

इथे बरेच जण पुणेरी पाट्यांकडे वळतात. ‘काका, तसलं काहीतरी खवचट लिहा ना!’ पाटीचं आणि कार्डाचं गणित वेगळं आहे. पाटी तुमच्या भिंतीवर असते, वाचणारा तुमच्या दारात उभा असतो आणि त्याने काहीतरी करू नये म्हणून ती लावलेली असते. म्हणून तिला टोमणा शोभतो. कार्ड तुम्ही समोरच्याच्या हातात देता, तेही काम मागायला. ‘घर स्वच्छ ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती’ ही ओळ पाटीवर लोक फोटो काढून मिरवतील. तीच कार्डावर वाचून एखादी गृहिणी कार्ड फाडून टाकेल आणि मी तिला दोष देणार नाही.

कार्ड दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं हेच खरं यश. २०१९च्या नोव्हेंबरात पुण्याच्या बावधनमधल्या एका घरकाम करणाऱ्या मावशींचं कार्ड देशभर फिरलं होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यांचं एक काम सुटलं होतं, म्हणून त्या जिच्याकडे काम करायच्या तिने त्यांना कार्ड करून दिलं. वर मोठ्या अक्षरात ‘घर काम मावशी इन बावधन’, खाली प्रत्येक कामाचा महिन्याचा दर आणि आधार पडताळणी झाल्याचा उल्लेख. त्यात विनोदाची एकही ओळ नव्हती. तरी पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू यायचं, कारण कॉर्पोरेट साहेबाच्या खिशातली वस्तू मावशींच्या हातात आली होती, आणि साहेबाच्या कार्डापेक्षा त्यात माहिती जास्त होती. दर काय, भाग कोणता, विश्वास कशावर ठेवायचा, सगळं एका नजरेत. फोन इतके आले की बातम्या झाल्या.

त्यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी घ्या. कार्डाचं खरं आयुष्य आता व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. कागदाची हजार कार्डं वाटाल, पण सोसायटीच्या ग्रुपवर पडलेला एक फोटो त्याहून लांब जातो. म्हणून विनोद आणि मोबाइल नंबर एकाच बाजूला हवेत. पुढे गंमत आणि मागे नंबर अशी वाटणी केली तर गंमत फिरते, नंबर मागे राहतो. नोटीस मागच्या बाजूला छापलीत तर तिच्याखालीही नंबर पुन्हा छापा. आणि कार्डावर धंद्याचा वेगळा नंबर द्या. कार्ड खरंच फिरलं तर रात्री अकरालाही फोन येतील, तेव्हा वडिलांचा घरचा नंबर त्यात नसलेला बरा.

नंबर मोठा, पाच-पाच आकड्यांत तोडून आणि इंग्रजी आकड्यांत. बाकी कार्ड मराठीत असलं तरी हे पाळा.

आता गणपती. हे जरा जपून सांगतो. तुमच्या कार्डावर वर गणपतीचं चित्र आहे आणि खाली सेवांच्या यादीत उंदीर मारण्याचं काम असणारच. वाहन कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. वडिलांच्या मनात तसं काहीच नाही, पण एकदा कुणाच्या लक्षात आलं की त्याला दुसरं काही दिसणार नाही, आणि हा विनोद तुम्ही केलेला नसल्याने तो तुमच्यावरच होतो. कार्ड कचऱ्यात जातं, पायदळी येतं, तेव्हा देवाचं चित्र असलं की लोकांना अवघड होतं. (काही जण मुद्दाम देव छापतात, म्हणजे कार्ड टाकवत नाही. हुशारी आहे, पण मला पटत नाही.) वरती नुसतं ‘॥ श्री ॥’ ठेवा. वडिलांचं मन राहतं आणि उंदीरही मोकळा होतो.

यापुढचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तुमची गिऱ्हाइकं दोन प्रकारची आहेत. घरची मंडळी झुरळाच्या कार्डावर हसतील, फ्रिजवर लावतील. पण हॉटेलवाला? त्याच्या गल्ल्यावर झुरळाचं चित्र असलेलं कार्ड पडलंय आणि समोर जेवायला आलेलं कुटुंब उभं आहे, असं डोळ्यांसमोर आणा. हॉटेल, बेकरी, दवाखाना, मंगल कार्यालय या सगळ्यांना तुम्ही हवे असता, पण गुपचूप. त्यांच्यासाठी वेगळं कार्ड करा. पांढरं, साधं, नाव, परवाना, नंबर, आणि खाली बारीक अक्षरात एकच ओळ : ‘आम्ही येऊन गेलो हे तुमच्या गिऱ्हाइकांना कळणार नाही.’ हॉटेलचा मालक मोठ्याने हसणार नाही, गालातल्या गालात हसेल आणि कार्ड पाकिटात आत सरकवेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत खरेदी विभागाकडे जातानाही हेच कार्ड न्या. मागची बाजू त्यांच्यासाठी इंग्रजीत करा, पण मराठी विनोदाचं इंग्रजी करायला जाऊ नका. तो तिकडे पोचेपर्यंत मरतो.

परवान्यावरून आठवलं. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली व्यावसायिक पेस्ट कंट्रोलला परवाना लागतो. तुमच्याकडे तो असेलच, त्याचा क्रमांक दोन्ही कार्डांवर छापा. विनोदी कार्डावर तर आवर्जून, कारण हसवणारा माणूस कामात पक्का आहे का, ही शंका येतेच. आणि औषध, लहान मुलं, घरातलं मांजर यांच्याबद्दल कार्डावर अवाक्षरही गमतीने लिहू नका. विषारी औषध घरात फवारू देणाऱ्या माणसाला तिथे फक्त खात्री हवी असते.

चित्राचं म्हणाल तर झुरळाचा फोटो नको. खरंच नको. लोक कार्ड चिमटीत धरून लांब ठेवतात. रेषांचं चित्र चालेल. त्याहून चांगलं म्हणजे अक्षरातच खोडी करा. देवनागरीत अशा खोड्यांना भरपूर जागा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं अशी रेखली की अक्षरं बघूनच नाटकाचा स्वभाव कळायचा. आपण तेवढं नाही तरी ‘मुंग्या’वरच्या अनुस्वाराची मुंगी करू शकतो. डाय (कार्ड कापायचा साचा) नाही, फॉइल (चमकता वर्ख) नाही, जादा पैसा नाही. फक्त ती मुंगी एकदाच दिसू द्या. प्रत्येक अनुस्वार मुंगी झाला तर कार्ड वाचता येत नाही.

आकार, कागद, कापाकापी यांतली कल्पकता महाग पडते, पण जमली तर भारी. केविन मिटनिक या अमेरिकी हॅकरचं कार्ड धातूच्या पातळ पत्र्याचं होतं आणि त्यातून कुलूप उघडायची हत्यारं मोडून काढता यायची. नंतर तो कंपन्यांना सुरक्षेचा सल्ला द्यायचा, म्हणजे कार्ड हाच त्याच्या कामाचा नमुना. लेगो कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडे तर खेळण्यातल्या छोट्या बाहुल्या असतात, अंगावर नाव आणि संपर्क छापलेल्या. दोन्हीकडे वस्तूच धंदा सांगते. याउलट स्टीव्ह मार्टिन या विनोदी नटाचं कार्ड एवढंच सांगायचं की, तुमची माझी भेट झाली आणि मी तुम्हाला सभ्य आणि गमतीदार वाटलो, हे यावरून प्रमाणित होतं. ते त्यालाच शोभतं, कारण त्याला जग ओळखतं. तुम्ही-आम्ही आधी आपण कोण हे सांगायचं आणि मग गंमत.

तुमच्यासाठी सरळ सुचतं ते कुरतडलेल्या कोपऱ्याचं कार्ड. एक कोपरा दातांनी खाल्ल्यासारखा कापायचा आणि शेजारी ओळ : ‘एवढं खाऊन झालंय. बाकीच्यासाठी फोन करा.’ याला डाय लागते, म्हणजे लाकडी फळीत बसवलेली पोलादी पाती, आणि प्रत्येक कार्ड त्याखालून काढावं लागतं. दात फार बारीक ठेवू नका, कागद फाटतो. नंबर समोरच्या कोपऱ्यात. बाकी कार्ड मात्र नेहमीच्या मापाचंच, साडेतीन बाय दोन इंच. एटीएम कार्ड साधारण ८६ बाय ५४ मिलिमीटर असतं आणि पाकिटाचे कप्पे त्याच अंदाजाने शिवलेले असतात. त्याहून बरंच मोठं, गोल किंवा झुरळाच्या आकाराचं कार्ड घेताना लोक ‘वा’ म्हणतात, पण ते ठेवायला जागा नसते म्हणून टेबलावर सोडून जातात.

वाळवीसाठी काहीच कापायला नको. ‘हे कार्ड वाळवीलाही आवडतं. तिच्याआधी तुम्ही वापरा.’ कागद हे वाळवीचं खाद्यच आहे, त्यामुळे विनोद खराही आहे.

स्पॉट यूव्ही नावाचा प्रकार प्रेसवाला सुचवेल. त्यात मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या कार्डावर ठरावीक जागीच चकचकीत थर देतात. पांढऱ्या कार्डावर नुसत्या त्या थरात झुरळ काढलं तर सरळ बघताना काही दिसत नाही, उजेडात कार्ड तिरकं केलं की ते चमकतं. रात्री स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर दिसतं तसंच! मला स्वतःला ही कल्पना फार आवडते. पण थोडी महाग आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत ती अजिबात दिसत नाही. तेव्हा ही कार्डं थोडीच करा, सोसायटीचे सेक्रेटरी आणि बिल्डर यांना हातात द्यायला.

पैसे मर्यादित असतील तर मी ते मागच्या बाजूवर घालवीन. कार्ड कशाने टिकतं? ते लागतं म्हणून. तुमच्या कामात पुढची तारीख असते. मग मागे छापा : ‘झुरळांचा निरोप समारंभ, दिनांक ______. पुढील पाहणी, दिनांक ______.’ काम झालं की तुमच्या माणसाने पेनाने तारखा भरायच्या आणि कार्ड सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं, अर्थात विचारून. पुढच्या वेळी झुरळ दिसेल तेही तिथेच आणि नंबरही तिथेच. यासाठी मागच्या बाजूला लॅमिनेशन नको, त्यावर बॉलपेन चालत नाही. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर पावसाळ्यात कार्ड वाकतं. तेव्हा लॅमिनेशनच टाळा आणि तीनशे जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपासचा, चकाकी नसलेला जाड कागद घ्या. हाताला बरा लागतो आणि स्वस्तही पडतो.

क्यूआर कोड घालणार असाल तर तो व्हॉट्सअ‍ॅपला जोडा. लिंकमध्येच आधी लिहिलेला निरोप ठेवता येतो, म्हणजे गिऱ्हाइकाने स्कॅन केलं की चौकटीत मजकूर तयार : ‘आमच्या स्वयंपाकघरात पाहुणे आलेत. कधी येता?’ त्याने फक्त पाठवायचं. ‘आमच्याकडे ढेकूण झालेत’ हे स्वतःच्या हाताने लिहायला लोकांना लाज वाटते, ती टळते. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढला. कारखान्यातली मळकट लेबलंही वाचता यावीत म्हणून त्यात चूक सुधारायची सोय आहे, सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. म्हणूनच मध्यभागी छोटं झुरळ बसवता येतं. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान करू नका आणि भोवती पांढरी जागा सोडा. फुकटच्या संकेतस्थळावरून ‘डायनॅमिक’ कोड, म्हणजे त्यांच्या संकेतस्थळामार्फत उघडणारा कोड मात्र घेऊ नका, फुकटची मुदत संपली किंवा वर्गणी थकली की तो बंद पडतो आणि कार्डं वाया जातात.

काही गमती कायद्यात बसत नाहीत. नोटेसारखं दिसणारं कार्ड हा तर दर वर्षी कुणाला तरी नव्याने सुचणारा प्रकार. चलनी नोटेशी साम्य असलेला कागद छापणं हा गुन्हा आहे, पूर्वी दंड संहितेत होता आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ मध्ये आहे. नोटिशीचं कार्ड करताना वर अशोकस्तंभ टाकायचा मोह होईल. राजमुद्रेच्या गैरवापरावर २००५चा स्वतंत्र कायदा आहे. नुसती भाषा पुरे.

मेहुण्याला सांगा, हटके काही नको. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ने बंदी आहे, आणि त्याच नियमानुसार पाटीवर किंवा स्टेशनरीवर अमुक प्रकारच्या खटल्यांत खास प्रावीण्य आहे, असंही लिहिता येत नाही. चांगला कागद, सुबक अक्षर, नाव, पत्ता, नंबर. डॉक्टर आणि सनदी लेखापाल यांनाही त्यांच्या परिषदांची अशीच बंधनं आहेत. त्याला विनोदाची हौस असेल तर तुमची नोटीस त्याच्याकडून तपासून घ्या.

खर्चाचं : साधं मल्टीकलर कार्ड हजारात छापलं तर नगाला रुपया-दोन रुपयांच्या घरात बसतं, कारण प्रेसवाले एका मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं एकत्र लावतात. त्यामुळे रंगात थोडा फरक पडतो, तक्रार करू नका. डाय, फॉइल, स्पॉट यूव्ही आले की तोच नग कितीतरी पट महाग होतो. म्हणून आधी शंभर-दोनशे कार्डं डिजिटल प्रिंटरवर काढा, भले नगाला महाग पडोत. ती वाटताना काही बोलू नका, फक्त बघा. समोरचा हसून खिशात टाकतो, की शेजारच्याला ‘हे बघ’ म्हणतो? ‘हे बघ’ ऐकू आलं तरच हजाराची ऑर्डर द्या. नुसतं हसू पुरेसं नाही.

प्रेसला फाइल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे रेषाचित्रात बदलून पीडीएफ द्या. नाहीतर त्यांच्या कोरल ड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटतात, आणि ‘कळविण्यात’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. प्रूफ (छपाईआधीचा नमुना) स्क्रीनवर पाहू नका, कागदावर मागवा. प्रूफवरूनच कोड स्कॅन करा, नंबर आकडा-आकडा वाचत स्वतः लावून बघा, आणि ज्याने मजकूर आधी कधीच पाहिलेला नाही अशा एकाकडून तो मोठ्याने वाचून घ्या. मगच ‘ओके’ लिहून सही करा. त्यानंतर सापडलेल्या चुकीचे पैसे तुमचे असतात.